समजुबांच्या अंगात माता आली ती दुपार

रिंकलच्या पोटात दाणे भरपूर होते, पण पिकत एकही नव्हता. डॉक्टर मीनळबेननी हे तिला पडद्यावर दाखवलं तेव्हा तिचा नवरा निकुंज शेजारीच बसला होता. वराछातल्या हिऱ्यांच्या कारखान्यात दिवसभर माल पारखणारा माणूस तो. पडद्यावरचे ते काळे ठिपके त्याने डोळे बारीक करून पाहिले आणि विचारलं, "सगळा लॉट बारीकच आहे का?"

"बारीकच," मीनळबेन म्हणाल्या. "दर महिन्याला यातला एक मोठा व्हायचा असतो आणि बाकीच्यांनी मागे सरायचं असतं. हिच्याकडे काय होतं, घरात पंधरा पोरं आणि पाणी आणायला उठायचं कुणीच नाही. म्हणून पाळी लांबते, म्हणून दिवस राहत नाहीत. याला पीसीओएस म्हणतात. घाबरू नका, अर्ध्या सुरतेला आहे. गोळ्या देते, एकाला तरी उठवू."

मीनळबेन दाणा म्हणत, अंडं म्हणत नसत. एकदा म्हटलं होतं, तर एक सासू तडक उठून घरी अंघोळीला गेली होती. त्यानंतर त्यांनी तो शब्दच दवाखान्याबाहेर काढला.

गोळ्यांच्या आधी वजन उतरवायचं होतं. दवाखाना नेमका फरसाणवाल्याच्या वर. खाली गरम गाठिये निघायचे आणि वर मीनळबेन गाठिये सोडा म्हणून सांगायच्या. रिंकलने सोडले. रोज संध्याकाळी ती सोसायटीच्या गच्चीवर फेऱ्या मारू लागली. तिच्या सासूने, समजुबांनी, डॉक्टरचं म्हणणं अर्धंच ऐकलं होतं. सून वाळत चाललीय, लोक म्हणतील सासू खायला घालत नाही, या धास्तीने त्या तिच्या रोटल्यात आतून तूप सोडायच्या. शेवटी मीनळबेननी त्यांनाच बोलावून घेतलं आणि समोर बसवून समजावलं, की अंगातली साखर अन् चरबी वाढली की दाणे आणखी हट्टाला पेटतात. समजुबा घरी आल्या, गाठियांचा डबा वॉचमनला देऊन टाकला आणि निकुंजचेही गाठिये बंद केले. निकुंज म्हणाला, "माझ्या पोटात कुठे दाणे आहेत?" समजुबा म्हणाल्या, "तू तरी कुठे काय उजेड पाडलायस?"

तीन महिने गोळ्या झाल्या आणि तीन महिने कुणी उठलं नाही. चौथ्या महिन्यात मीनळबेननी गोळी वाढवली. दिवाळीच्या तोंडावर रिंकल पडद्यासमोर आडवी झाली आणि मीनळबेन बराच वेळ पाहत राहिल्या. रिंकलला वाटलं, गेला हाही महिना.

"एक उठला," मीनळबेन म्हणाल्या. "एकोणीस मिलिमीटर."

निकुंजने आजवरच्या नोकरीत एवढा दाणा हातात धरला नव्हता. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. रिंकल तिथे पडल्या पडल्या रडली आणि मीनळबेननी तिला रडू दिलं.

"आता सुई देते," त्या मग म्हणाल्या. "सुईने दाणा सुटेल. आजचा दिवस सोडा. उद्या आणि परवा, हे दोन दिवस तुमचे. दोघांनी एकत्र राहायचं, टेन्शन घ्यायचं नाही. परवाची संध्याकाळ उलटली की हा महिना संपला असं समजा. कुठे जाणार आहात?"

"आज बसने गावी, दिवाळीला," रिंकल म्हणाली.

"छान. मोकळी हवा, निवांतपणा. उत्तमच."

मीनळबेन अहमदाबादेत वाढलेल्या होत्या, त्यांचा काय दोष. निकुंजच्या गावचं, मोटा उंबराळ्याचं घर त्यांनी पाहिलं नव्हतं.

सुरतेत मागे राहायचा पर्याय होता का? नव्हता. दिवाळीला कारखाने बंद होतात, सोसायट्यांना कुलपं लागतात, आख्खं वराछा बसमध्ये बसून काठियावाडात उतरतं. मागे राहणाऱ्याबद्दल लोक तीनच गोष्टी धरून चालतात: तो आजारी आहे, बुडालाय, नाहीतर भावांशी भांडलाय. खरं कारण निकुंजला आईला सांगता आलं असतं, पण त्याचं तोंड उघडेना. बसमध्ये बसेपर्यंत तो एवढंच म्हणत राहिला, "बघू, गावी काहीतरी होईल."

गावच्या घरात एक ओसरी, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पुढे आंगण. दिवाळीत तिथे माणसं चाळिसाच्या वर. बाप्ये ओसरीवर झोपणार आणि बायका-पोरं आतल्या खोलीत, हा कायदा निकुंजच्या पणज्यापासूनचा. त्याची अंमलबजावणी मोठ्या काकू काशीबा करत. काशीबा समजुबांच्या थोरल्या जाऊ. सत्तरी गाठलेली, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. घरातलं मीठसुद्धा त्यांना विचारून खारट व्हायचं. वडीलधाऱ्यांपुढे सुनांनी तोंडावर पदर घ्यायचा आणि नवऱ्याशी बोलायचं नाही, हेही तिथे अजून चालू होतं. सुरतेत स्कूटीवर फिरणारी रिंकल डेलीच्या, म्हणजे आंगणाच्या मोठ्या दाराच्या, आत पाऊल टाकलं की मुकी व्हायची.

म्हणून दिवाळीच्या सकाळी नवराबायकोचं सगळं बोलणं मोबाइलवर लिहून चाललं.

"आज पहिला दिवस," तिने ओट्याजवळून लिहिलं.

"माहीत आहे," त्याने ओसरीवरून लिहिलं. "दोन्ही बाजूंना काका आहेत."

"उठा मग."

"उठलो की चहा देतात. चार कप झाले."

रिंकलने डोकं चालवलं. शेतावर, म्हणजे वाडीवर, विहिरीजवळ एक खोली होती. तिच्यात खाट होती. दुपारी तिकडे काळं कुत्रंही जात नसे. "म्हणा, रिंकलला कापूस दाखवून आणतो," तिने लिहिलं. थोड्या वेळाने ओसरीवरून निकुंजचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मोटाबापा, जरा वाडीवर जाऊन येऊ का? रिंकलला कापूस बघायचाय."

मोटाबापा म्हणजे करसनबापा, काशीबांचे यजमान. त्यांना कमी ऐकू येई, पण वाडी हा शब्द ते झोपेतसुद्धा ऐकत. "वाडीवर? चांगला विचार आहे," ते म्हणाले. "एकटे कशाला जाता? ट्रॅक्टर काढा."

आतून काशीबा म्हणाल्या, "वांगी घेऊन जा. तिकडेच भाजून ओळो करा." आणि समजुबांनी, रिंकलच्या स्वतःच्या सासूने, प्रेमाने भर घातली: "पोरांनाही न्या गं, इथे नुसता गोंधळ घालतायत."

ट्रॉली भरली. वांगी, बाजरीचं पीठ, ताकाची बरणी, चुलत, मावस आणि ज्यांचं नातं कुणालाच नीट सांगता येत नव्हतं असे दोघे, सगळे चढले. वाडीवर पोचेपर्यंत पोरं पेंगुळली, त्यांना खोलीतल्या खाटेवर टाकलं. करसनबापा खोलीच्या उंबऱ्यात मांडी ठोकून बसले. रिंकल आणि निकुंज या दोघांना मिळून एक काम मिळालं, लसूण सोलायचं. ते दोघे एकाच टोपलीच्या दोन बाजूंना बसले. मध्ये करसनबापांची काठी होती. सूर्य कलला, वांगी भाजून भरीत झालं, सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं आणि म्हणाले, रिंकलला कापूस बघायची हुक्की आली म्हणून एवढी मजा झाली, दरवर्षी यावी. निकुंजच्या अंगाला तीन दिवस पुरेल इतका लसणाचा वास लागला होता. पहिला दिवस असा गेला.

दुसरा दिवस पाडवा, म्हणजे गुजरातेतलं नवं वर्ष. पहाटेपासून डेलीतून माणसं आत येत होती, साल मुबारक म्हणत होती, मुखवास तोंडात टाकत होती आणि मागून येणाऱ्यांना जागा करून देत होती. रिंकल पदर सावरत पायांवर वाकत होती. ज्याच्या त्याच्या पायाला हात लावला की तो म्हणायचा, "पुत्रवती हो." काही म्हाताऱ्या आकडाही सांगायच्या, सात. आशीर्वादांना तोटा नव्हता. तिला फक्त एक खोली हवी होती, तीही थोड्या वेळापुरती, आणि ती या अख्ख्या गावात कुणाकडे नव्हती.

मधूनच तिचं लक्ष घड्याळाकडे जात होतं. तिला त्या दाण्याची दया येत होती. पंधरा जणांत तो एकटा उठला होता, शहाण्यासारखा मोठा झाला होता, आणि बाहेर येऊन बघतो तर त्याला न्यायला कुणीच आलेलं नव्हतं.

स्वयंपाकघरात ती पुऱ्या तळायला बसली तेव्हा शेजारी फक्त समजुबा होत्या, पुऱ्या लाटत.

"धूर लागला का?" समजुबांनी विचारलं.

"गॅस आहे, बा."

समजुबांनी लाटणं थांबवलं आणि सुनेकडे नीट पाहिलं. "मग डोळ्यांत पाणी कशाचं? काशीभाभी काही बोलल्या?"

रिंकलने दरवाज्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. आता नाही बोललं तर कधीच नाही, हे तिला कळत होतं. "बा, निघताना दवाखान्यात सुई दिली ना, तिचे दोनच दिवस असतात. काल एक गेला. आज संध्याकाळी दुसरा जाईल. मग परत सगळं पहिल्यापासून."

"मग त्यात काय करायचं असतं? गोळी घ्यायची असते? घे की. पाणी देऊ?"

"गोळी नाही, बा." रिंकलने कढईतल्या पुरीकडे बघत उरलेलं सांगितलं. "आम्हाला दोघांना... एकांत पाहिजे."

समजुबांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या माहेरचा गोठा त्यांच्या मदतीला धावून आला. "म्हणजे म्हैस माजावर आली की कसं, तसं?"

"तसंच," रिंकल म्हणाली. वाईट वाटून घ्यायला तिला सवड नव्हती.

"अगं मग परवाच सांगायचं नाही? म्हैस माजावर आली की माझा बाप जेवणावरून उठायचा. दारात लग्न असो नाहीतर मयत, आधी म्हैस. एकदा वेळ गेली की गेली. आणि मी शहाणी, काल पोरं तुमच्या ट्रॉलीत भरली." समजुबांनी कपाळावर हात मारला, कपाळाला पीठ लागलं. "आमचा रेडा काय करतोय?"

"चहा पितायत."

"पिऊ दे. त्याच्या बापाचंही असंच होतं." त्या विचारात पडल्या. पाहुण्यांना पाठवून देता आलं असतं, पण घरचीच चाळीस डोकी. जेवणं झाली की सगळी इथेच आडवी होणार, आणि उठतील तेव्हा दिवेलागण झालेली असेल. "वेळ किती लागेल?" त्यांनी विचारलं.

रिंकलने दुसरी पुरी तेलात सोडली.

"बरं, अख्खी दुपारच धरू," समजुबा म्हणाल्या आणि पुन्हा लाटायला लागल्या. त्यानंतर जेवणं होईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. समजुबा गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय, एवढं रिंकलला पाच वर्षांत कळलेलं होतं.

पंगती उठल्या. ओसरीवर गोधड्या पसरायला सुरुवात झाली. करसनबापांनी पागोटं उशाला घेतलं. इतक्यात समजुबा आंगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, डबीत घातला आणि डबी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. मग अंबाडा सोडला. मग घुमायला लागल्या.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. एक चुलतभाऊ म्हणाला, "काकींना चक्कर येतेय." पण समजुबांनी केस असे काही भिरकावले आणि घशातून असा काही आवाज काढला, की ओसरीवरचे बाप्ये उठून बसले. काशीबा आतून भिंत धरत धरत बाहेर आल्या.

"कोण आहेस?" त्यांनी विचारलं. असल्या वेळी काय विचारायचं ते त्यांना पाठ होतं. त्यांचा भाऊ भुवा होता, त्याच्या अंगात दर पुनवेला माता यायची.

"डुंगरावरची," समजुबा म्हणाल्या.

"खमा, मा, खमा," करसनबापांनी हात जोडले. गावाबाहेरच्या टेकडीवर घराण्याची कुळदेवी होती. तिच्याशिवाय दुसरी कुणी असं जेवणानंतर न सांगता येणार नव्हती.

पण काशीबांचे डोळे बारीक झाले. समजुबा भुव्याला आयुष्यभर हसत आलेल्या, नव्या वर्षाला सगळे टेकडीवर जायचे तेव्हा पाय दुखतो म्हणून घरी बसणाऱ्या. हिच्याच अंगात यायला मातेला दुसरं कुणी मिळालं नाही? "खरी असलीस तर मिरच्या खाशील," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाच्या अंगात येतेस तेव्हा मूठभर खातेस."

रिंकल दारात उभी होती. समजुबांना आम्लपित्त होतं. गेली चार वर्षं त्यांच्या वरणाची फोडणी वेगळी व्हायची, मिरचीचा डबा उघडला तरी त्या खिडकीकडे सरकायच्या. काशीबांनी परात भरून हिरव्या मिरच्या मागवल्या, फिक्या भावनगरी नव्हे, साध्या, बारीक, खऱ्या. रिंकलने पदराआडून मान हलवली: नको, बा. समजुबांना चष्म्याशिवाय ती दिसली की नाही कोण जाणे. त्यांनी मूठ भरली आणि खाल्ली. देठांसकट खाल्ली. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहायला लागलं, आणि घुमणं आता इतकं खरं झालं की आंगणातलं मांजर डेलीबाहेर पळालं.

"माता रडतेय," करसनबापा म्हणाले आणि स्वतःही रडू लागले.

"का रडू नको?" माता ओरडली. आवाज फाटला होता, त्यामुळे छान वाटत होता. "वर्षाचा दिवस आणि तुम्ही जेवून लोळताय. माझ्या डुंगरावर कोण येणार?"

"सकाळी पाहुणे होते, मा. संध्याकाळी जाणारच होतो," करसनबापा म्हणाले.

"आत्ता. सगळ्यांनी. अनवाणी. आणि वर गेल्यावर मला अकरा फेऱ्या."

ओसरीवरून कण्हल्यासारखा आवाज आला. काशीबा म्हणाल्या, "माझे गुडघे आहेत, मा."

"ते कुणी दिले?" माता म्हणाली.

काशीबांचा भाऊही असं काही बोलला नव्हता कधी.

"मोबाइल घरी ठेवा," मातेने पुढची आज्ञा सोडली, आणि लगेच तिच्या डोळ्यांपुढे घरात वाजणारे तीसेक मोबाइल आले असावेत. "नाही. घेऊन चला. बंद करून."

"आणि घर कोण सांभाळणार?" करसनबापांनी विचारलं. "सणाचा दिवस, सगळ्यांचे दागिने इथेच."

या प्रश्नाची माता वाटच बघत होती. ती थोडी जास्त घुमली, म्हणजे लोकांना वाटलं की विचार चाललाय. "ज्या जोडप्याला मूल नाही ते थांबेल," ती म्हणाली. "आत तुपाचा दिवा लावून बसेल. दार आतून बंद. तुम्ही खाली आल्यावर आंगणातून आधी माझा जयजयकार करायचा, मगच दाराला हात लावायचा. त्याआधी जो लावेल त्याच्या अंगात मी येईन आणि पुढच्या दिवाळीपर्यंत उतरणार नाही."

सगळ्यांनी निकुंजकडे पाहिलं. निकुंजच्या हातात सहावा चहा होता. तो कान लाल करून खाली बघत होता. पारखी माणूस, त्याला एवढ्यात सगळं कळलं होतं.

"मा, मीही टेकडीवर..." तो काय म्हणायला निघाला होता हे त्यालाच ठाऊक. लाजेने माणूस काहीही बोलतो.

"तू गप्प बस," माता म्हणाली. हे मात्र थेट समजुबांच्या आवाजात आलं, पण एव्हाना लोक वहाणा काढायच्या गडबडीत होते.

ऊन चांगलंच होतं. डेलीतून वरात निघाली: पुढे मोकळ्या केसांची, नाक ओढत चाललेली माता, मागे हात जोडून करसनबापा, मग पोटभर जेवलेले काका तापल्या मातीवर टाचा उचलत, आणि सगळ्यांत मागे दोन सुनांच्या खांद्यांवर हात टाकून काशीबा, प्रत्येक खड्याला एक शिवी आणि एक नमस्कार देत. वळणापलीकडे जाईपर्यंत त्यांचा आवाज येत होता. मग तोही बंद झाला.

त्या घराच्या भिंतींनी दिवाळीत इतकी शांतता कधी ऐकली नसेल. रिंकलने दार आतून लावलं. तोंडावरचा पदर मागे टाकला. निकुंज खोलीच्या मध्यावर उभा होता. हातात अजून कपबशी होती, ती खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

"आईने मिरच्या खाल्ल्या," तो म्हणाला.

"हो."

"मूठभर."

"हो. आता त्या वाया घालवू नका," रिंकल म्हणाली, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. तोही हसायला लागला. दोन दिवसांनी ती दोघं पहिल्यांदा एकमेकांशी तोंडाने बोलत होती. आधी त्यांनी तुपाचा दिवा मात्र लावला, कारण आज्ञा ती आज्ञा. पुढचं कुणी विचारू नये.

दिवस मावळता मावळता आंगणात जयजयकार झाला. त्यात भक्ती कमी आणि पाय जास्त होते. रिंकलने दार उघडलं, तेव्हा ती न्हाऊन, पदर घेऊन, अगदी देवळातून आल्यासारखी उभी होती. काका लोक ओसरीवर कोसळले. काशीबांनी घमेल्यात कोमट पाणी मागितलं आणि पाय बुडवून बसल्या. गंमत म्हणजे त्या खुशीत होत्या. या वर्षी मातेने आपल्या घराला निवडलं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या आणि प्रत्येक वेळी मिरच्यांची मूठ मोठी होत होती.

समजुबा मागच्या दारी पायरीवर बसल्या होत्या, चष्मा लावून, केस बांधून. रिंकलने त्यांना थंड दुधाचा पेला नेऊन दिला आणि खाली बसून त्यांच्या तळव्यांना तेल लावायला घेतलं. तळवे लाल झाले होते.

"लावलंत ना दार?" समजुबांनी विचारलं.

"लावलं," रिंकल म्हणाली आणि तळव्यावर तेल चोळत राहिली. मग म्हणाली, "बा, तुमचा तर या सगळ्यावर विश्वास नाही. देवीच्या नावाने खोटं बोललात. भीती नाही वाटली?"

समजुबा दूध प्यायल्या. घशातली आग विझायला त्यांना दोन घोट लागले.

"मलाही तुझ्यासारखंच होतं," त्या म्हणाल्या. "चार-चार महिने पाळी यायची नाही. तेव्हा त्याला नाव नव्हतं. काशीभाभी म्हणायच्या, मागच्या जन्मीचं पाप. त्यांचा भाऊ म्हणायचा, माता रागावलीय, सुनेला अनवाणी चालवा. निकुंज होईपर्यंत नऊ वर्षं मी त्या डुंगरावर चढले. दर पुनवेला, एकटी. बाकी सगळे इथे ओसरीवर लोळायचे आणि मी परत आले की विचारायचे, काही फरक पडला का? फेऱ्या मारताना मी मातेला दर वेळी सांगायचे, तुझं-माझं भांडण नाही, पण एकदा या सगळ्यांना असंच अनवाणी चालव."

रिंकलचे हात थांबले. हे पाय नव्या वर्षाच्या दिवशीच नेमके का दुखतात, हे तिने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तिने पुन्हा तेल घेतलं, आणि आता जरा जास्त घेतलं.

ओसरीवरून काशीबांचं कण्हणं ऐकू आलं. समजुबांनी ते डोळे मिटून, अगदी भजन ऐकावं तसं ऐकलं.

"पण बा," रिंकल हळूच म्हणाली, "मीनळबेन म्हणाल्यात, पहिल्या खेपेलाच राहील असं नाही. पुष्कळदा नाही राहत. एवढं करून नाहीच राहिलं तर?"

समजुबांनी रिकामा पेला पायरीवर ठेवला.

"मग पुढच्या महिन्यात माता सुरतेला येईल," त्या म्हणाल्या. "आपली लिफ्ट तशीही बंदच असते. पाचही मजले चढवीन सगळ्यांना."